ऑरेंज गावातला हिरवा उजेड

रांग पुढे सरकते तशी मागची बाई छत्रीचं टोक तुमच्या पोटरीत रुतवते. माफी मागायला वाकायचं तर वाकायलाही जागा नाही, म्हणून ती मागतच नाही. न्यूयॉर्कमधलं विजेचं प्रदर्शन, १८९६ सालचा मे महिना. उकडायला लागलंय, तरी पुरुषांच्या अंगावर लोकरी कोट आहेत आणि बायकांच्या गळ्यापर्यंत बटणं. आंघोळ ही इथे आठवड्यातून एकदा करायची गोष्ट. त्यावर सिगारचा धूर. थोडं सोसा, आत गेलात की वास बदलणार आहे.

जाड पडदा बाजूला होतो आणि तुम्ही अंधारात शिरता. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण कानांना लगेच कळतं. तड्-तड्-तड्-तड्. इंडक्शन कॉइलच्या दोन टोकांमध्ये ठिणग्या उडताहेत. ओझोनचा तिखट वास घशात उतरतो, जोरात वीज कडाडल्यावर हवेत रेंगाळतो तोच. मग हळूहळू एक काचेची नळी दिसू लागते, आतून फिकट हिरवी उजळलेली. कुणीतरी तुमचं मनगट धरून हात एका पडद्यामागे नेतं.

पडद्यावर तुमचा हात आहे. मांस धुक्यासारखं, आत काळी हाडं, आणि त्यातल्या एका हाडाभोवती अंगठी सैल लोंबकळतेय. तुम्ही बोटं हलवता, हाडं हलतात. छत्रीवाली बाई किंचाळते, तिच्या मागचा माणूस छातीवर क्रूस काढतो, तुम्हाला मात्र हसू फुटतं. खरं सांगा, बाहेर पडल्या पडल्या परत रांगेच्या शेपटाला जाऊन उभं राहायची इच्छा झाली ना? सगळ्यांनाच होते. भीती वाटावी असं इथे काही नाही. दुखत नाही, भाजत नाही, चटकासुद्धा बसत नाही.

यंत्रापाशी उभा असलेला तो मिशीवाला तरुण बघितलात? नळी नीट चालतेय का ते पाहायला तो मधूनमधून स्वतःचाच हात मध्ये धरतो. तो क्लॅरन्स डॅली, टॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेतला काचकाम करणारा. प्रदर्शन संपलं की आपण त्याच्या मागून निघायचं आहे. हडसन नदी बोटीने ओलांडायची, पलीकडे होबोकनला कोळशाच्या धुराने काळी झालेली आगगाडी धरायची, आणि न्यू जर्सीतल्या ऑरेंज नावाच्या गावी उतरायचं.

ऑरेंजला पाय ठेवताच नाकाला कळतं की हे टोप्यांचं गाव आहे. ओल्या फेल्टची वाफ, उकळतं पाणी, सशाच्या केसांचा उग्र दर्प. केस एकमेकांत घट्ट बसावेत म्हणून त्यांना पाऱ्याचं द्रावण लावतात, आणि त्या वाफेत वर्षानुवर्षं उभे राहिलेले कारागीर चहाचा कप उचलतात तेव्हा बशीवर किणकिण होते. हात थरथरतात. गावात कुणाला त्याचं नवल वाटत नाही. धंदाच तसा, असं म्हणून लोक कप अर्धाच भरतात. ही गोष्ट ध्यानात असू द्या, या गावात आपला मुक्काम लांबणार आहे.

शेजारच्या वेस्ट ऑरेंजमध्ये एडिसनची तीन मजली विटांची प्रयोगशाळा. आत यंत्राचं तेल, फोनोग्राफच्या नळकांड्यांचं मेण, रसायनं, तंबाखू. आवारात डांबरी कागदाने मढवलेली एक काळी शेड आहे, उन्हामागे फिरवता येईल अशी. तिथे ते हलती चित्रं काढतात. मन तिकडे ओढ घेईल, पण आज आपली जागा डॅलीच्या टेबलाशी आहे.

गॅसची निळी ज्योत फुरफुरतेय. तुमच्या हातात तापलेली काच. नळी फुगवायची, आत धातूचे तुकडे बसवायचे, मग पाऱ्याच्या पंपाला जोडून तासन्‌तास हवा उपसत राहायचं. पारा टपटप पडत राहतो. नळी तयार झाली की तिला वीज जोडायची आणि बघायचं, क्ष-किरण निघताहेत का, किती जोरदार निघताहेत. कसं बघायचं? मोजायला यंत्रच नाही. काटा नाही, आकडा नाही. मग तुम्ही जे करणार तेच डॅली करतो, आणि लंडन, बर्लिन, बोस्टन सगळीकडे हा धंदा करणारा प्रत्येक जण करतो. हात मध्ये धरायचा. हात पडद्यावर नुसता काळा दिसला तर नळी मऊ, हाडंसुद्धा फिकी दिसली तर नळी कडक. कडक झाली तर खाली दिवा धरून काच जराशी तापवायची आणि परत हात. दिवसातून किती वेळा? कोण मोजतंय?

एडिसनसाहेब हातात आलेली प्रत्येक गोष्ट हजारांच्या हिशेबात करतात. पडद्याला कुठला क्षार लावला तर तो सर्वांत छान उजळेल, यासाठी हजारो क्षार तपासले जाताहेत. कॅल्शियम टंगस्टेट उत्तम ठरलं. तेवढ्यावर साहेब थांबले नाहीत. तोच क्षार नळीच्या आतून थापला तर क्ष-किरणांच्या जोरावर चालणारा घरगुती दिवा होईल, अशी कल्पना त्यांनी काढली, आणि तो दिवा पेटवून पाहायचं काम डॅलीकडे आलं. जरा कल्पना करा. हा दिवा बाजारात आला असता तर मुलं त्याच्या उजेडात अभ्यासाला बसली असती.

काही महिन्यांनी तुमच्या बोटांच्या मागची कातडी लाल होते. उन्हाने होते तशी, म्हणून तुम्ही दुर्लक्ष करता. मग ती चकाकू लागते, ताणल्यासारखी वाटते. मिशीचे केस गळतात, भुवया विरळ होतात. दिवसा ठीक असतं, रात्री आग सुरू होते. उशाशी पाण्याचं भांडं ठेवून त्यात हात बुडवूनच झोप लागते. तज्ज्ञ काय म्हणतात? कुणी म्हणतं, हा ठिणग्यांचा परिणाम. कुणी म्हणतं ओझोनचा, कुणी फोटो धुण्याच्या रसायनाचा. मॅसॅच्युसेट्समधल्या एलिहू थॉमसन या विजेच्या माणसाने तर खात्री करून घ्यायला स्वतःची करंगळी मुद्दाम नळीसमोर धरली आणि भाजून घेतली. बोस्टनचे विल्यम रोलिन्स हे दंतवैद्य नळी शिशाच्या पेटीत ठेवा, रोग्याचा नको तो भाग झाका, असं लिहून लिहून थकले. त्यांनी गिनीपिगांवर किरण सोडून ते मरतात हेही दाखवलं. फार कुणी मनावर घेतलं नाही. रोलिन्स मला या सगळ्या कथेतला सर्वांत शहाणा माणूस वाटतो, आणि त्याचं नाव आज दातांच्या डॉक्टरांनाही माहीत नसतं.

डॅलीचा एक हात निकामी व्हायला लागला तेव्हा त्याने दुसरा वापरला. शेवटी दोन्ही हात कापावे लागले. १९०४ साली तो गेला, वय ३९. एडिसनने त्याआधीच क्ष-किरणांना हात लावायचं सोडलं होतं आणि तो दिवाही गुंडाळून ठेवला होता. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या दवाखान्यांत किरणांचं माप मात्र एकच राहिलं: कातडी लाल व्हायला जेवढे लागतात तेवढे. हेच एकक. माणसाची चामडी ही मोजपट्टी.

आता त्याच रस्त्याने खाली या, ऑरेंजमध्ये, साधारण वीस-पंचवीस वर्षं पुढे. टोप्यांचे कारखाने ओसरलेत, रस्त्यात मोटारी आल्यात. हाय स्ट्रीट आणि अल्डेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक नवा कारखाना आहे. कोलोरॅडोहून पिवळ्या खनिजाची पोती येतात, आवारात त्यावर आम्ल ओतलं जातं, टनावारी मातीतून कणभर रेडियम निघतं, आणि उरलेली वाळूसारखी माती मागे ढिगाने पडते. त्या ढिगाकडेही लक्ष ठेवा.

इथे तुमचं वय पंधरा आहे आणि तुम्ही मुलगी आहात. पुरुष वाचकांनी नाक मुरडू नये. या मजल्यावर दुसरं शरीर मिळत नाही. जिना चढून वर या. केवढा उजेड! भिंतभर खिडक्या, लांबच लांब टेबलं, ओळीने बसलेल्या मुली, आणि त्यांची अखंड बडबड. कुणाचं लग्न ठरलंय, कुणी केस आखूड कापलेत. टोपीच्या कारखान्यात वाफेत उभं राहायचं त्याऐवजी इथे बसून, नीटस कपड्यांत, जवळजवळ चित्रकाराचं काम. घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायचे. मोबदला तबकडीमागे दीड सेंटच्या आसपास. हात चालला तर आठवड्याला वडिलांच्या बरोबरीने पैसे. म्हणून मोठी बहीण धाकटीला आणते, धाकटी मैत्रिणीला.

तुमच्यापुढे कागदी तबकड्यांची ताटली, उंटाच्या केसांचा म्हणून मिळणारा बारीक कुंचला आणि चिनी मातीची इवलीशी वाटी. रेडियम मिसळलेली पिवळसर पूड, थोडं पाणी, थोडा डिंक. तुमचा रंग तुम्हीच कालवायचा. पूड हलकी आहे, उडते. केसांत बसते, बाहीवर बसते, डब्यातल्या पावावर बसते, कारण डबा याच टेबलावर खायचा आहे. आकडे इतके बारीक की रेघ मिलिमीटरभरही जाड चालत नाही. दोन आकडे काढले की कुंचल्याचे केस फिस्कटतात.

मग टोक कसं करायचं? सुईत दोरा ओवताना तुम्ही काय करता? विचार न करता दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करता, पिळता, आणि ओवता. तेच. देखरेख करणाऱ्या बाई शेजारी उभ्या राहून दाखवतात: ओठांत धरायचा, रंगात बुडवायचा, आकडा काढायचा. ओठ, रंग, आकडा. चव काही नसते, फार तर दातांखाली कचकच. पहिल्या दिवशी तुम्ही विचारता, हे पोटात गेलं तर? बाई हसतात आणि सांगतात, गाल गुलाबी होतील. हे काही एकट्या बाईंच्या डोक्यातून आलेलं नाही. वर्तमानपत्रांत रेडियमच्या औषधांच्या जाहिराती आहेत, आणि १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बायका वर्गणी काढून मारी क्युरीबाईंना एक ग्रॅम रेडियम भेट देताहेत, किंमत एक लाख डॉलर. जगातली सर्वांत महाग वस्तू तुम्ही दिवसाला शेकडो वेळा ओठांना लावता. वाईट कशी असेल?

महाग असण्यातच मेख आहे. कुंचला पाण्यात विसळला तर रेडियम पाण्यात जातं, फडक्याला पुसला तर फडक्यात. तोंडात गेलेलं मात्र वाया गेलं असं हिशेबात कुठे दिसत नाही.

संध्याकाळी कारखाना सुटतो. मुलींचा घोळका हसत-खिदळत घराकडे निघतो, आणि अंधार पडू लागला की तुमची गंमत सुरू होते. तुम्ही उजळता. बाह्या, बटणांच्या फटी, केसांच्या कडा, बुटांची टोकं, सगळं हिरवट. नाक शिंकरलं की रुमाल उजळतो. शनिवारी नाचाला जायचं असेल तर शुक्रवारीच चांगला झगा कामावर घालून यायचा, म्हणजे नाचताना तो चमकतो. एखादी मुलगी नखांना रंग लावते, एखादी दातांना, दारात वाट पाहणाऱ्या मित्राला अंधारात हसून दचकवायला. घरी धाकट्या भावाला कपाटात ओढून दार बंद करायचं आणि त्याला आपला चेहरा दाखवायचा. तो टाळ्या पिटतो. तुम्ही पंधरा वर्षांच्या आहात आणि अंधारात चमकता आहात. याहून मजेचं काय असतं त्या वयात?

उद्या कामावर गेलात की एक गोष्ट करा. जिना उतरून प्रयोगशाळेच्या दारातून नुसतं डोकावा. तिथले रसायनतज्ज्ञ रेडियम चिमट्याने उचलतात. त्यांच्यापुढे शिशाचे पडदे आहेत. तेच रेडियम, तोच कारखाना. या रंगाचा कर्ता, डॉक्टर साबिन फॉन सोखोत्स्की, याच्या डाव्या तर्जनीचं टोक नाही. रेडियम आत शिरलं म्हणून त्याने ते उडवून टाकलंय. एकदा तो वरच्या मजल्यावरून जाताना ग्रेस फ्रायर नावाच्या मुलीपाशी थांबतो आणि सांगतो की कुंचला तोंडात घालू नकोस, आजारी पडशील. ग्रेस बाईंना विचारते. बाई म्हणतात, काही होत नाही. डॉक्टर निघून गेलेला असतो. कुंचला परत ओठांत जातो.

माझा राग याच क्षणावर आहे. कुणालाच काही माहीत नव्हतं असं पुढे म्हटलं गेलं, पण माहिती त्या इमारतीत होती. ती एक जिना चढली नाही.

पुढचं भरभर बघू, कारण त्यात थांबवत नाही. एक दाढ दुखते. दंतवैद्य ती काढतो. जखम भरत नाही. शेजारची काढतो, तीही भरत नाही. तोंडाला असा वास येऊ लागतो की तुम्ही बोलताना हात आडवा धरता. शरीराला रेडियम आणि कॅल्शियम यांतला फरक कळत नाही. दुधातलं कॅल्शियम हाडात नेऊन ठेवावं तसं ते रेडियमही नेऊन ठेवतं, आणि ते तिथे बसून रात्रंदिवस हाड जाळत राहतं. निम्मं संपायला त्याला १६०० वर्षं लागतात. मॉली मॅगिया नावाच्या मुलीचा जबडा दंतवैद्याच्या बोटांनी अलगद बाहेर आला. १९२२ मध्ये ती गेली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर सिफिलिस लिहिलं. पाच वर्षांनी पेटी उकरून काढली, तर हाडांतून किरण निघत होते.

एवढं होत असताना इथून काही मैलांवर, ईस्ट ऑरेंजमध्ये, रेडिथॉर नावाचं पाणी विकलं जातंय. अर्ध्या औंसाची बाटली, एक डॉलर. आत खरंखुरं रेडियम. फसवणूक नाही, हीच पंचाईत. पिट्सबर्गचे कारखानदार आणि गोल्फपटू एबेन बायर्स यांनी ते हजारभर बाटल्या प्यायलं आणि १९३२ मध्ये जबडा गमावून वारले. तेव्हा कुठे सरकारी खात्यांना खडबडून जाग आली. ऑरेंजच्या मुलींचे जबडे त्याआधी दहा वर्षं गळत होते.

चला नेवार्कला, गाडीने दहा-पंधरा मिनिटं. साल १९२५. एसेक्स परगण्याचे वैद्यकीय परीक्षक हॅरिसन मार्टलंड यांच्या खोलीत फॉर्मलिनचा वास आहे. ते तुम्हाला स्टेथोस्कोप लावत नाहीत. हातात एक रबरी नळी देतात आणि म्हणतात, फुंका. सावकाश, पोटातून. तुमचा श्वास बाटल्यांमधून बुडबुडत एका उपकरणात शिरतो. आत विजेने ताणून धरलेलं एक बारीकसं पान आहे. सगळे त्याच्याकडे बघत बसतात. पान हळूहळू खाली येऊ लागतं. हाडातल्या रेडियममधून रेडॉन वायू सुटतोय, तो रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून या नळीत. पान खाली आलं म्हणजे हाडात रेडियम आहे.

वेस्ट ऑरेंजच्या टेबलाशी शरीराने यंत्र मोजलं होतं. इथे पहिल्यांदा यंत्र शरीर मोजतंय. मार्टलंडनी सोखोत्स्कीलाही फुंकायला लावलं; त्याचं पान तर झपाट्याने खाली आलं. तो १९२८ मध्ये गेला. रक्त तयार होणंच थांबलं होतं.

त्याच वर्षी तुम्ही न्यायालयात बसला आहात, कंपनीवर दावा लावणाऱ्या पाच जणींपैकी एक. खोली माणसांनी गच्च, बातमीदारांच्या पेन्सिली सरसावलेल्या. शपथ घ्यायला उजवा हात वर करा म्हणतात. तुमच्या दोघी मैत्रिणींचा हात वर जात नाही. जूनमध्ये तडजोड होते: प्रत्येकीला १०,००० डॉलर, वर्षाला ६०० आणि औषधपाण्याचा खर्च. कंपनी चूक कबूल करत नाही. पुढच्याच महिन्यात तिकडे स्टॉकहोममध्ये जगभरचे क्ष-किरणतज्ज्ञ जमतात, किरणांपासून संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती नेमतात, आणि डोस मोजायला लाल कातडीऐवजी हवेतल्या विजेवर आधारलेलं एकक मान्य करतात. रेंटगेन त्याचं नाव.

याच सुमाराला एखाद्या दवाखान्याच्या क्ष-किरण खोलीत नोकरीला लागलात तर वरिष्ठ तुमच्या खिशात दातांच्या फोटोची छोटी फिल्म टाकतील, वर कागदाची क्लिप अडकवून. पंधरा दिवसांनी ती धुवायची. क्लिपची सावली उमटली तर तुम्ही पडद्यामागे नीट उभे राहत नाही. मला हा शोध फार आवडतो. एवढी स्वस्त अक्कल इतकी उशिरा का सुचावी? आज मुंबई-पुण्याच्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञाच्या छातीवर जो टीएलडी बॅज असतो, तो याच फिल्मचा वंशज. आत तीन चकत्या, दर तीन महिन्यांनी त्या तपासायला जातात. आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि एकाच वर्षात ३० च्या वर कधीच नाही. बॅज खुंटीला अडकवून मशीनजवळ जाणारे महाभाग असतातच. तो अंगावरच असायला हवा. खुंटीला टांगला तर तो खुंटीचा डोस मोजतो.

ऑरेंजच्या ज्या बायका वाचल्या त्यांतल्या एक होऊन आता जरा पाठ टेका. १९३०-४० च्या दरम्यान, बोस्टनजवळ एमआयटीतली एक खोली. रॉबली एव्हान्स नावाचे तरुण प्राध्यापक तुम्हाला एका कमानीवर झोपवतात, अशा बेताने की डोक्यापासून पायांपर्यंत शरीराचा प्रत्येक भाग किरण मोजणाऱ्या यंत्रापासून बरोबर एक मीटरवर यावा. पाठ वाकते, मान अवघडते, हलायचं नाही. यंत्र टिक्‌टिक् करतं आणि ती टिक्‌टिक् तुमचीच आहे. तुमच्यासारख्यांच्या आकड्यांवरून १९४१ मध्ये एक समिती ठरवते की माणसाच्या शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम चालेल. अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या खाली कुणाला इजा दिसली नव्हती. तरी एव्हान्स आकडा आणखी खाली ओढतात, ०.१ मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि समितीतल्या प्रत्येकाला विचारतात, तुमच्या बायकोच्या किंवा मुलीच्या अंगात एवढं असेल तर चालेल? सगळे हो म्हणतात. तो आकडा ठरतो. लवकरच प्लुटोनियम हाताळणाऱ्या कामगारांची मर्यादाही त्याच आकड्याच्या आधाराने काढली जाते.

शेवटचा थांबा, १९८५. ऑरेंजच्या आसपासची माँटक्लेअर आणि ग्लेन रिज ही टुमदार उपनगरं. सकाळचे नऊ, तुम्ही सपाता घालून, हातात कॉफीचा मग घेऊन स्वतःच्या अंगणात उभे आहात. घर छान आहे, हप्ते फिटत आलेत. हिरवळीवर रबरी बूट घातलेली माणसं फावड्याने माती उकरून पिंपांत भरताहेत. डिझेलचा धूर, ओल्या मातीचा वास, आणि मधूनमधून एका डब्यासारख्या यंत्राची किरकिर. ते गुलाबाच्या वाफ्याजवळ नेलं की ती वाढते. कारखान्यामागचा तो वाळूसारखा ढीग आठवतो? भराव म्हणून तो उचलला गेला आणि त्यावर घरं उठली. तळघरात रेडॉन साचतो. तुम्ही तिथे मुलांसाठी टेबल टेनिस मांडलंय.

पिंपं नेव्हाडात नेऊन पुरायची ठरली होती. नेव्हाडा नको म्हणालं. न्यू जर्सीतल्या ज्या ज्या गावाचं नाव निघालं, ते गाव रस्त्यावर उतरलं. म्हणून हजारो पिंपं भरून झाली आहेत आणि त्यांतली बरीचशी इथेच, लोकांच्या हिरवळीवर, रांगेने उभी आहेत. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून विचारतात, किती दिवस? काम करणारा खांदे उडवतो. ती पिंपं वर्षभराहून जास्त इथेच राहणार आहेत, पण हे तुम्ही त्यांना सांगू नका, सकाळ खराब करायला नको.

खांदे उडवणाऱ्याच्या छातीवर बॅज आहे. तुमच्या छातीवर सदऱ्याचा खिसा.

"हे आम्हाला नाही का मिळत?" तुम्ही विचारता.

"हे कामगारांना असतं," तो म्हणतो. "आम्ही पगार घेऊन, माहिती करून आत येतो. तुम्ही इथे नुसते राहता, म्हणून तुमची मर्यादा आमच्याहून कितीतरी कमी ठेवलेली आहे." मग तो यंत्र तुमच्या सपातांजवळ नेतो, काट्याकडे बघतो आणि म्हणतो, "त्या इथेच बाहेर काढा. आणि आत जाऊन आधी पाय धुवा."